पाणी आहे का तिकडे?
(खान्देशी जोडप्याने पावसात तराफ्यावर बसण्याची शास्त्रोक्त रीत)

पाऊस पाहायला जायचं, तेही पदरचे पैसे मोडून, ही कल्पना जळगाव-धुळ्यात कोणापुढे मांडायची असेल तर आधी घराचं दार लावून घ्यावं. ऑगस्टात कपाशी पात्या-फुलांवर आलेली असते, पावसाने दडी मारलेली असते, पातेगळ सुरू असते आणि चावडीवरचा प्रत्येक माणूस बोलताना समोरच्याकडे नाही, आभाळाकडे बघत असतो. अशा वेळी "आम्ही दोघं जरा भिजून येतो" म्हणणं म्हणजे सुतकाच्या घरी पेढे वाटणं.

म्हणून पहिली पायरी : रामेश्वरला चाललो असं सांगा. रामेश्वरला कोणी हरकत घेत नाही. अडचण एकच, शेजारच्या काकू देवाच्या पेटीत टाकायला अकरा रुपये देतात. ते अजून माझ्या शर्टाच्या खिशात आहेत. एकदा धुऊनही निघाले.

जायचं असतं खरं तर थेक्कडीला, केरळातल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात. तिथल्या तलावावर बांबूच्या तराफ्यावरून फिरवतात, आणि फिरवणारी कंपनी नसते, जंगलाच्या आसपासच्या लोकांच्या कमिट्या असतात. इतक्या लांब कशाला, असं विचारणाऱ्याला हवामानशास्त्र सांगावं. मोसमी पाऊस साधारण १ जूनला केरळात उतरतो, आपल्याकडे यायला त्याला जूनचा मध्य उजाडतो, आणि तेवढ्यात सह्याद्रीने त्याचा खिसा बराच हलका केलेला असतो. किरकोळ दुकानात माल येत नसेल तर माणसाने एकदा घाऊक बाजार बघून यावा.

भुसावळहून एर्नाकुलमला थेट गाडी आहे. दीड दिवसाच्या प्रवासाला कळण्याची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि शेव न्यावी. शेव पावशेर नेऊ नये, किलोभर न्यावी. पनवेलपर्यंत अर्धा डबा आपला पाहुणा होतो. एर्नाकुलमहून थेक्कडीच्या वेशीवरच्या कुमळीपर्यंत बसने साधारण दीडशे किलोमीटर. या वाटेवर रावेर-यावलकडच्या नवऱ्यांनी विशेष संयम पाळावा. दर दोन मैलांना खोबरेल तेलात तळलेल्या केळीच्या वेफर्सचं दुकान लागतं आणि आतला बागायतदार जागा होतो. मी प्रत्येक ठिकाणी भाव विचारला. चौथ्या दुकानात बायको म्हणाली, "अहो, विकत घ्यायचंय की लिलाव लावायचाय?" केळी नेंद्रन जातीची, जाड सालीची, आपल्या ग्रँड नैनपेक्षा पिठूळ. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचं मी दुकानदाराला मराठीत समजावून सांगितलं. त्याने पिशवीत मूठभर वेफर्स जास्त टाकले. मान राखला म्हणावं की जा म्हणून सांगितलं, अजून ठरलेलं नाही.

आता कमिटीविषयी, कारण खान्देशी माणसाला "लोकांनी मिळून चालवलेलं" म्हटलं की सहकारी सूतगिरणी आठवते आणि तो पाकीट घट्ट धरतो. इथे धरू नये. पेरियारच्या जंगलात एकेकाळी वायनाची, म्हणजे रानदालचिनीची, साल चोरून सोलून नेणारी टोळकी होती. १९९६ च्या सुमारास इको-डेव्हलपमेंटची योजना आली आणि त्यांतल्या काहींची चक्क कमिटी बनवली. तिच्या नावातच "माजी साल गोळा करणारे" असं लिहिलेलं आहे. पूर्वायुष्य पाटीवर लिहायची पद्धत आपल्याकडच्या संस्थांनी घेतली तर पाट्या फार लांब होतील. ज्यांना जंगलातली प्रत्येक चोरवाट पाठ होती तेच आता गस्त घालतात आणि आपल्यासारख्यांना फिरवतात. याशिवाय मन्नान आणि पळियन या आदिवासी जमातींच्या लोकांच्या कमिट्या आहेत.

माझ्या बायकोला यात काही नवल वाटलं नाही. तिचं माहेर साक्रीकडे पांझरेच्या काठी. तिथे फड बागायत होती, तीनेकशे वर्षं तरी चालत आलेली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या शेतीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी कोणाला कधी ते गावाने ठरवायचं. बारी देणारा पाटकरी, राखणीला जागल्या. तिचे आजोबा पाटकरी होते. त्यामुळे तिने वाटाड्याला पहिला प्रश्न विचारला तो हत्तींचा नव्हता. "तुमच्यात बारी कोण लावतं?" निम्मं हिंदी, निम्मे हातवारे. त्याला बहुतेक ती हजेरीबद्दल विचारतेय असं वाटलं. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, नावांवर बोट फिरवत आज कोणाची पाळी, उद्या कोणाची ते दाखवलं. तिने कागद उलटून मागची बाजूही पाहिली आणि मान डोलावली. तपासणी झाली, आता निघायला हरकत नव्हती.

सकाळी आठला हजर राहायचं, परत येईतो संध्याकाळ होते. आठ-दहा पर्यटक, तीन-चार वाटाडे आणि वनखात्याचा एक बंदूकधारी. "दोघंच" ही कल्पना इथे सोडून द्यावी. खान्देशातही दोघंच कुठे जाता येत नाही, पण तिथे निदान नात्यातली माणसं असतात.

निघताना जळवांचे मोजे मिळतात : जाड कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे, वर नाडी. नाडी कशी बांधायची हा या मार्गदर्शनाचा गाभा. सैल बांधली तर जळू आत शिरते, घट्ट बांधली तर पाय गेला की आहे हे कळत नाही. आपल्याकडे पावसात काळ्या मातीचा चिखल लागतो, दर पावलाला चप्पल अर्धा किलोने वाढते. पण तो चिखल आपण होऊन मांडीपर्यंत चढत नाही. जळू चढते. माझ्या मोज्यावर एक दोरीसारखी बारीक जळू उभी राहून इकडेतिकडे वाकत पत्ता शोधत होती. मी ओरडलो नाही, फक्त बंदूकधाऱ्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

बऱ्याच चालीनंतर तलाव येतो आणि तराफा दिसतो. बांबू एकाला एक बांधलेले, वर बसायला आडव्या फळ्या. जळगाव जिल्ह्यातल्या वाचकांना इथे हसू येईल, कारण घड कापल्यावर उरलेले केळीचे खांब दोरीने बांधून नाल्यात तरंगायचा उद्योग लहानपणी सगळ्यांनी केलेला असतो. हसावं, पण लाइफ जॅकेट घालून हसावं. ३० सप्टेंबर २००९ रोजी याच तलावात पर्यटकांची मोठी बोट उलटून ४५ माणसं गेली. त्यामुळे "मला तापीत पोहता येतं" हे वाक्य इथे चालत नाही, आणि चालूही नये.

वल्हं हातात मिळतं. मिळालं की नवऱ्याने ताबडतोब बायकोच्या हातात द्यावं आणि फोटो काढण्याच्या मिषाने सुटका करून घ्यावी, असा माझा बेत होता. पावसाने फोन पिशवीत गेला, बेत पाण्यात. वरून सरी, खालून बांबूंच्या फटींतून वर येणारं पाणी. आपण तलावावर आहोत की तलाव आपल्यावर, असा प्रश्न पडतो.

पाण्यातून मात्र जागोजाग झाडांचे काळे बुंधे वर आलेले. १८९५ साली मुल्लपेरियार धरण पुरं झालं, पाणी चढलं, जंगल बुडालं. त्यातली काही झाडं सव्वाशे वर्षांवर तशीच उभी आहेत. एका बुंध्यावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. भर पावसात. आमच्यापैकी कोणीच त्याला हसायच्या लायकीचं नव्हतं.

या धरणापाशी खान्देशी माणसाने दोन मिनिटं गप्प बसावं. पेरियारही आपल्या तापीसारखीच पश्चिमेला जाणारी नदी. पेनिक्विक नावाच्या इंग्रज इंजिनियराने ती अडवून डोंगरातल्या बोगद्यातून तिचं पाणी पूर्वेला वळवलं, कोरड्या मदुराईकडे. त्रावणकोर आणि मद्रास यांच्यात १८८६ मध्ये करार झाला, तोही ९९९ वर्षांचा. आपल्याकडे बांधावरच्या सामाईक विहिरीचा करार दिवाळीपर्यंत टिकला तर माणूस सत्यनारायण घालतो. केरळ आणि तमिळनाडूचं या धरणावरून अजून वाजतं, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण नदी वळली हे खरं. तापी पुढे गुजरातेत उकाईच्या धरणात जाऊन बसते, आणि आपण काठावर उभं राहून गेली गेली म्हणतो. मी हे सगळं बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "वल्हं मारा."

आता सगळ्यांत अवघड नियम. "पुरे झाला पाऊस" हे तोंडातून काढायचं नाही. पुण्या-मुंबईचा माणूस सहज काढतो. आमच्या तराफ्यावरच्या एकाने पहिल्या तासातच काढलं. आपल्याला ते जमत नाही. लहानपणी पावसाला नाव ठेवल्याबद्दल आजीचा धपाटा खाल्लेला असतो, आणि त्यातून तिकडे आपलीच कपाशी वाळतेय. म्हणून भिजायचं. दात वाजायला लागले तरी "छान आहे" म्हणायचं. तिसऱ्या तासाला मी छान आहे म्हणालो, ती छान आहे म्हणाली, आणि दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हतो. नंतर गव्यांचा कळप काठावर आला होता म्हणतात. माझ्या चष्म्यावर पाणी होतं.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर फोन वाजणारच, त्याची तयारी ठेवावी. यावलकडून आई विचारते, "तिकडं पानी हाये का?" साक्रीकडून सासरे विचारतात, "पानी शे का?" बोली दोन, प्रश्न एकच, आणि खरं उत्तर दोघांनाही देता येत नाही. आईने आधी घरचं सांगितलं : आभाळ रोज भरून येतं, वारा सुटतो, जातं. तळ्याकाठची दोन एकर पार माना टाकून उभी. मग विचारलंच.

बायको बाथरूमच्या दारात माझी पँट पिळत होती. धार थांबेना. खिडकीबाहेर पन्हळी ओसंडत होत्या. मी उठून खिडकी लावली, आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून.

"आहे," मी म्हणालो. "भुरभुर."