केएचपंत

घरात प्रवाळाची काचपेटी बाळगणारे एक तरी पंत तुमच्या ओळखीत असतीलच. नसले तर लवकरच होतील, कारण ही मंडळी सतत पाहुण्याच्या शोधात असतात. मासे दाखवायला म्हणाल तर नाही. मासे त्यांच्या लेखी पोटभाडेकरू. त्यांना दाखवायचं असतं पाणी. तुम्ही ‘काय सुंदर मासा आहे हो!’ म्हटलंत की पंत खिन्न होतात आणि ‘केएच साडेआठ आहे’ असं सुनावतात. केएच म्हणजे अल्कलिनिटी, पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा. तो मोजायला नळीत चमचाभर पाणी घेऊन थेंब थेंब औषध टाकायचं, निळ्याचं पिवळं झालं की थेंब मोजायचे. पण निळं आणि पिवळं यांच्यामध्ये हिरवं येतं, आणि पंतांचा संसार तिथेच अडकलेला असतो. ‘हे पिवळं म्हणायचं का?’ बायको म्हणते पिवळं, सासूबाई म्हणतात पोपटी, दूधवाला म्हणतो, साहेब, पैसे द्या.

पंतांच्या मोजण्याला माझा आक्षेप नाही. घोळ होतो तो मोजल्यानंतर. कठीण प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात, त्यामुळे दोन्ही माल ठरल्या प्रमाणात उचलतात: केएच 2.8 अंशांनी उतरला की कॅल्शियम सुमारे 20 पीपीएमने उतरतं. पण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम 400च्या वर आणि केएच जेमतेम 7. म्हणजे ज्या बांधकामात केएच 9.8 वरून 7 वर येतो, त्याच बांधकामात कॅल्शियम 420चं फक्त 400 होतं. साध्या किटमध्ये 20 पीपीएम म्हणजे एक थेंब. तो थेंब कमी पडला की गुलाबीचं निळं झालं हे पंतांना आधीच दिसलं, याचा निर्णय पुन्हा सासूबाईंकडे. तेव्हा रोज केएच पाहावा, कॅल्शियम आठवड्या-पंधरवड्याने, हे उघड आहे. पंतांना हे पाठ आहे. तुम्हालाही समजावून सांगतील. तरीही एक थेंब कमी दिसला की रात्री कॅल्शियम क्लोराइडची बाटली उघडतेच. सकाळी केएच कमी वाटतो, म्हणून सोडा. दोन्ही जास्त झाले की पाणी दुधाळ होतं, कॅल्शियम कार्बोनेटचा चुरा पडतो आणि प्रवाळाच्या हाडात जायचा माल पंपावर खरपुडी होऊन बसतो. मग कळतं की असा चुरा पडू न देण्याचं काम मॅग्नेशियम करतं, ते 1300च्या आसपास हवं. घरात तिसरं किट येतं. त्यालाही रंग असतोच.

कुणी म्हणेल, काहीच घातलं नाही तर प्रवाळ जगतील कसे? खरं आहे, भरगच्च पेटीत केएच एका दिवसात अंशभरही उतरू शकतो. भर घालावीच लागते. पण ती रोज सारखी, थोडी आणि दोन्हीची मिळून. चुन्याची निवळी हेच करते. जर्मन नावाच्या डब्यात ‘काल्कवासर’ म्हणून मिळणारी पूड म्हणजे शुद्ध चुनाच; तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी नेमक्या हव्या त्या प्रमाणात मिळतात. अडचण एवढीच की ती उडून गेलेल्या पाण्याच्या जागी, थेंबाथेंबाने द्यायची असते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेत पाणी उडतंच कमी. तेव्हा दोन बाटल्या लागतात, मान्य. पण समप्रमाणात, आणि आज केएच 7.9 असो की 8.2, हात न लावता. 7 ते 11 मधला कुठलाही आकडा प्रवाळाला चालतो. सोमवारी 7, मंगळवारी 11 चालत नाही.

दुसरा आक्षेप पंतांचा स्वतःचा आहे: समुद्र स्थिर असतो, मग माझी पेटी का नको? समुद्राची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पोटात अफाट साठा आहे आणि नद्या चुनखडी विरघळवून आणतच असतात. पंतांकडे काही बादल्या पाणी. आणि समुद्रही आता तितका स्थिर राहिलेला नाही. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड पिऊन औद्योगिक काळापासून त्याचा पीएच सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला आहे आणि सांगाडा बांधायला लागणारं कार्बोनेट घटलं आहे. दशांशाचा फरक ऐकून तुम्ही-आम्ही पान उलटतो. पंतांच्या मात्र पोटात गोळा येतो, कारण दशांश म्हणजे काय हे त्यांनी डोळे फोडून पाहिलेलं असतं. एवढ्यासाठी त्यांचे तिन्ही किट माफ करायला मी तयार आहे, नाइलाजाने का होईना.

जमलं तर त्यांना एकदा मालवणला न्या. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात प्रवाळ आहेत, त्यांना कुणी डोस देत नाही. किट घरीच ठेवायला लावा. आणि स्नॉर्केलिंगला उतरलात तर खडक समजून त्यांच्यावर उभे राहू नका, तुकडा तर मुळीच आणू नका. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाइतकंच संरक्षण आहे.