भडक्यावर नव्हे, निखाऱ्यावर

डिसेंबर लागला की अलिबाग-लोणावळ्याच्या बंगल्यांच्या अंगणात तेच चित्र. नवीकोरी ग्रिल, तिच्यावर हातभर जाळ आणि जाळात तंगड्या. दहा मिनिटांत वरून कोळसा, हाडापाशी कच्च्या. मग बोल लावायचा चिकनवाल्याला, मसाल्याला, नाहीतर ग्रिलला. चूक यांच्यापैकी कुणाचीच नसते. मांस भडक्यावर भाजायचंच नसतं, ते निखाऱ्यावर भाजायचं असतं.

ग्रिल घ्यायला जाल तेव्हा चकाकी आणि चाकं बघू नका. घट्ट बसणारं झाकण आहे का, वर-खाली हवेची उघडझाप करता येणारी भोकं आहेत का, एवढं बघा. 1952 साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयासाठीचे धातूचे अर्धगोल घेऊन झाकणवाली गोल ग्रिल बनवली. उघड्या ग्रिलवर वाऱ्या-पावसापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. खालची भोकं उघडली की आच चढते, अर्धी मिटली की उतरते. ही सोय नसलेला पत्र्याचा उघडा ट्रे कितीही महाग असो, त्यावर कणसं भाजा. गॅस की कोळसा या वादात मी पडत नाही. झाकण असेल तर दोन्हींवर चांगलं भाजतं.

रायगडकरांना हे वेगळं सांगायला नको. पोपटी लावताना मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन भरतात, मडकं उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात. जाळ बाहेर, मांस आत. मडकं मध्येच उचलून कुणी डोकावत नाही. ग्रिलचं झाकण दर मिनिटाला उघडणाऱ्यांनी एकदा शेतात जाऊन पोपटी बघावी.

आता कृती. लाकडी कोळसा घ्या, त्यावर रॉकेल ओतू नका; तो वास थेट मांसाला लागतो. पेटवल्यावर अर्धा तास थांबा. पाहुणे ताटकळले तरी चालतील. कोळशावर करड्या राखेचा पातळ थर धरला की सगळे निखारे एका बाजूला ओढा, दुसरी बाजू रिकामी ठेवा. ही रिकामी बाजूच सगळं सांभाळते. तंगड्या आधी तिथे ठेवायच्या, झाकण लावून. आतून शिजत आल्या की शेवटची दोन-तीन मिनिटं निखाऱ्यांवर घेऊन खरपूस करायच्या. चरबी गळून भडका उडाला तर पाणी मारू नका, मांस रिकाम्या बाजूला सरकवा. ते शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. मांसात खुपसायचा थर्मामीटर विकत घ्या. हाडाला न टेकवता जाड भागात 74 अंश सेल्सिअस दाखवले की चिकन झालं. आणि कच्च्या मांसाचा चिमटा, कच्च्या मांसाचं ताट शिजलेल्याला लावायचं नाही, हे दरवेळी सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

मटणाचं गणित निराळं. बोकडाच्या मांडीचे मोठे तुकडे थेट निखाऱ्यावर टाकले की चिवटच होणार. त्यातल्या चिवट धाग्यांना मऊ पडायला मंद आच आणि भरपूर वेळ लागतो. निखाऱ्यावर चांपा भाजा, नाहीतर सळईवर खिमा थापा. कच्ची पपई लावायची तर थोडी आणि तास-दोन तासच. रात्रभर ठेवलीत तर मांसाचं पीठ होतं. मसाल्याचा जाड लेपही जाळीवर ठेवण्याआधी निपटून काढा, कारण आधी तोच जळतो आणि कडवट लागतो.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत, तंबूत, गॅरेजमध्ये कोळशाची ग्रिल पेटवू नका. थंडी वाजते म्हणून उरलेले निखारे रात्री खोलीत आणू नका. राखेखाली विझल्यासारखा दिसणारा निखाराही कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही.