पाच पॉइंट एक

‘सिनेमा बघायला या’ असं आमंत्रण आलं की आमच्या सोसायटीतले जाणते लोक आधी जेवून घेतात. आमंत्रण चौथ्या मजल्यावरच्या काकांचं असतं आणि वेळ सातची असते. सातला तुम्ही गेलात की दार काकू उघडतात, आणि काकांचं दर्शन होतं ते पायांपासून. बाकीचे काका टीव्हीच्या कपाटामागे असतात. तोंडात टॉर्च धरलेली असते, त्यामुळे शब्द नीट उमटत नाहीत, पण आम्हाला ते पाठ आहेत. ‘बसा, झालंच. फक्त एक वायर.’

त्या एका वायरीवर आम्ही आजवर तीन-चार किलो चिवडा संपवला असेल.

काका बँकेतून निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशातून लोक काशीला जातात, मुलाच्या फ्लॅटला हातभार लावतात. काकांनी होम थिएटरचा रिसीव्हर घेतला. असा माणूस तुमच्याही ओळखीत असणार. ठाण्यात असेल, नाशकात असेल, न्यू जर्सीत असेल तर त्याला बेसमेंट मिळालेलं असेल आणि त्याची बायको सुखी असेल. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या घरी आल्यावर तो तुमच्याकडे न बघता छताच्या कोपऱ्यांकडे बघतो आणि हॉलच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवतो. व्हिट्रिफाइड फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि उघड्या भिंती असल्या की आवाज किती घुमतो, याची ती परीक्षा असते. एका वास्तुशांतीला काकांनी अशीच टाळी वाजवली. आरती सुरू झाली असं समजून सगळे उठून उभे राहिले, दोघांनी सूरही धरला. गुरुजी अजून संकल्पावरच होते.

‘पाच पॉइंट एक म्हणजे काय?’ हा प्रश्न काकांना कधीही विचारू नये. मी एकदा विचारला. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे दोन, झाले पाच. डावा-उजवा तुमच्या नाकाच्या सरळ रेषेपासून ३०-३० अंशांवर, मागचे दोघे ११० अंशांच्या आसपास. यासाठी काकांनी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, तो अजून परत गेलेला नाही. उरला तो पॉइंट एक, म्हणजे सबवूफर. माणसाच्या कानाची धाव २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत; त्यातला साधारण १२० हर्ट्झच्या खालचा गडगडाट तेवढा त्याच्या वाट्याला येतो. अख्खा एक म्हणण्याइतकं काम नाही, म्हणून पॉइंट एक. ‘पण तो नसला तर बाकीच्या पाचांना काही अर्थ नाही,’ काका म्हणाले. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, ‘ऐकतेय मी.’

खरा जीव त्यांनी खर्च केला तो जुळणीवर. सुरुवातीला डावा-उजवा हे जुन्या स्टिरिओचे होते, मधला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घासाघीस करून आणलेला, आणि मागचे दोन भाच्याच्या कॉम्प्युटरचे, भाचा परदेशी गेला म्हणून मागे राहिलेले. वरवर पाहता पाच झाले. पण पडद्यावर डावीकडून बुलेट निघायची, मधे आली की तिची लूना व्हायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत पुन्हा बुलेट. ‘समोरचे तिघे एकाच घराण्याचे पाहिजेत,’ काका समजावून सांगत. ‘डावीकडे किराण्याचा षड्ज लावून निघालेला माणूस मधे येईपर्यंत जयपूरचा होता कामा नये.’ हे मला पटलं. एकाच मालिकेतले तीन स्पीकर घ्यायचे पैसे कुठून आणायचे, हे काकूंना पटलं नाही. त्या वर्षी घराचा रंग राहिला.

जुळणीचं हे शास्त्र पुढे माणसांवर घसरलं. स्पीकरची संवेदनशीलता म्हणून एक आकडा असतो. १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो. ८७ डेसिबलवाल्याकडून ९० वाल्याइतका आवाज हवा असेल तर त्याला दुप्पट वॉट द्यावे लागतात. तेव्हापासून जावई ‘८७ चा माणूस’ झाले. म्हणजे चांगलेच, पण तोंड उघडायला पॉवर फार लागते. सोसायटीचे सेक्रेटरी ४ ओहमचे. जोडले की समोरच्या यंत्राचा घाम निघतो आणि ते प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतं. माझ्याबद्दल त्यांचं मत काय आहे ते मी विचारलेलं नाही.

पूर्वी हे सगळं सोपं होतं, असं खुद्द काकाच म्हणतात. चार खटक्यांची एक पेटी होती, व्हिडिओ स्विच. मागे पिवळ्या, लाल, पांढऱ्या वायरी खोचलेल्या. पहिलं बटण व्हीसीआर, दुसरं केबल, तिसरं व्हीसीडी, चौथं मुलाचा व्हिडिओ गेम. एक दाबलं की आधीचं ‘खट्’ करून वर यायचं. काकांच्या आईंना अक्षरं वाचता येत नसत नीट, चष्मा सापडत नसे, पण बोटानं चाचपून दुसरं बटण त्या अचूक दाबत. ती पेटी अजून माळ्यावर आहे. दिवाळीत खाली येते, पुसली जाते आणि परत वर जाते.

मग २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआयचा नियम ठरला आणि पुढे काही वर्षांनी तो काकांच्या घरी पोचला. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून! काकांनी जुन्या वायरींची जुडी करून काकूंना दिली, त्यांनी ती वाळवणाच्या दोरीला वापरली. पण ही नवी वायर शिष्ट निघाली. चित्र सोडायच्या आधी एक यंत्र दुसऱ्याला कुळ-गोत्र विचारतं. सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून ही चौकशी. मधे स्विच असेल तर त्यालाही विचारणा होते. कुणा एकाचं उत्तर पटलं नाही की पडदा काळा. काका म्हणतात, ‘हँडशेक होत नाहीये.’ एकदा काकूंनी शांतपणे विचारलं होतं, ‘दोघांना चहा ठेवू का?’

शिवाय ही यंत्रं एकमेकांना जागं करतात. टीव्ही लावला की रिसीव्हर उठतो. रिसीव्हर उठला की डिस्क प्लेअरला वाटतं आपल्यालाच बोलावलं, तोही उठून आपला निळा पडदा पुढे करतो. मग सेट-टॉप बॉक्स रुसतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या काकांनी हे ओळखायला हवं होतं.

सबवूफर कुठे ठेवायचा याची एक सर्वमान्य पद्धत आहे. ती जगभर वापरली जाते, म्हणून मी काकांना हसत नाही. जिथे आपण बसतो तिथे वूफर ठेवायचा, त्यावर जाड सुरातलं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथे सूर भरीव आणि स्वच्छ ऐकू येईल, ती वूफरची जागा. एका रविवारी सकाळी हा विधी चालू होता. वूफर सोफ्यावर, मांडीवर घेतात तशी उशी टेकून. काका चार पायांवर, डोळे मिटून, शोकेसच्या दिशेनं. दार उघडंच होतं आणि मतदारयादी तपासायला आलेल्या शिक्षिका आत आल्या. त्यांनी सोफ्यावरच्या वूफरकडे पाहिलं, रांगणाऱ्या काकांकडे पाहिलं, वही उघडली आणि काकूंना हळूच विचारलं, ‘यांचं वय काय लिहू?’

घुमणारा आवाज शोषून घ्यायला भिंतींना काहीतरी मऊ लागतं. ते नेमकं कुठे लावायचं, हे आरशानं ठरतं. आपण सोफ्यावर बसायचं, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा आणि आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करायची. काकू आरसा धरून उभ्या, काका ‘पुढे, अजून पुढे, थांब’. त्या खुणेवर काकूंच्या आईनं शिवलेली गोधडी लागली. येणारे-जाणारे ‘लोककला जपलीत हो’ म्हणून कौतुक करतात. थंडीत गोधडी उतरते तेव्हा, काका म्हणतात, संवाद पातळ होतात.

मग येतो मायक्रोफोन. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक मिळतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, एकामागून एक आठ जागी. प्रत्येक स्पीकर ‘टुर्रर्र’ करतो आणि यंत्र स्वतःच अंतरं मोजून मेळ बसवतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो, त्यामुळे जवळच्या स्पीकरला जरा थोपवून धरायचं, एवढाच त्यातला हिशेब. अट एकच, घरात चिडीचूप शांतता. मराठी घरात रविवारी सकाळी! पाचव्या जागेला कुकरची शिट्टी झाली. सहाव्याला ‘रद्दीऽऽ पेपर’. यंत्रानं सगळं इमानदारीनं मोजलं आणि निकाल दिला की मागचा उजवा स्पीकर २६ फुटांवर आहे. हॉल १६ बाय ११ चा. काका बराच वेळ त्या दिशेनं बघत होते. तिकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर येतं.

आता माझी तक्रार. मी काकांच्या बरोबर खाली राहतो. जाड आवाजाची लाट लांब असते. ३४ हर्ट्झची घेतली तर १० मीटर, म्हणजे ३३ फूट. काकांचा हॉल १६ फूट. उरलेली लाट आमच्याकडे राहायला येते. ‘जुरासिक पार्क’मध्ये तो मोठा डायनोसॉर येण्याआधी पेल्यातलं पाणी थरथरतं, ते मी वर न जाता बघितलं आहे, आमच्या ओट्यावरच्या फुलपात्रात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यानं घातलेली आहे. तो कागद मी एकदा वर घेऊन गेलो. काकांनी मला बसवलं, डेसिबल मोजायचं यंत्र आणलं, आणि मोजून सिद्ध केलं की नियम सर्वात जास्त मोडतो तो काकूंचा मिक्सर.

काका एकाच शब्दावर चिडतात. सोसायटीतल्या पोरांनी मिरवणुकीला विचारलं, ‘काका, तुमची डॉल्बी द्या ना.’ आपल्याकडे ट्रकवर रचलेल्या, छाती फोडणाऱ्या कर्ण्यांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात, कोल्हापूर-साताऱ्याकडे तर दुसरा शब्दच नाही. काकांनी पोरांना उभं करून सांगितलं, की रे डॉल्बी हा माणूस होता. १९६३ पासून दोनेक वर्षं तो संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून आपल्या देशात, चंदीगडला होता, आणि १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यानं कंपनी काढली. कशासाठी? टेपवरची खरखर घालवायला. आवाज कमी करायला! पोरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग ट्रकवर बसेल का?’

हा माणूस एवढा खटाटोप कशासाठी करतो, हे मला एकदाच कळलं. शाळकरी वयात काका मुंबईला मामाकडे गेले होते आणि मामांनी मिनर्व्हा टॉकीजला ‘शोले’ दाखवला. १९७५ चा सिनेमा, ७० मिलिमीटरची प्रिंट, चहूबाजूंनी आवाज. नाणं उडतं, खाली पडतं, आणि ते आपल्याच पायाशी पडलं असं वाटून लोक खुर्च्यांखाली वाकायचे, असं अजून सांगतात. काका सांगत नाहीत, काका स्वतः वाकले होते. मामांनी शर्ट धरून वर ओढलं. गेली कित्येक वर्षं ते त्या नाण्याच्या मागे आहेत. मी त्यांच्याकडे पूर्ण सिनेमा असा एकही पाहिलेला नाही. तेच दोन मिनिटांचे तुकडे. पाऊस, हेलिकॉप्टर, नाणं. मधेच ते थांबवून विचारतात, ‘मागून आलं ना?’ आपण ‘हो’ म्हणायचं असतं. मी बहुतेकदा ते घाबरून म्हटलं आहे.

गेल्या पावसाळ्यात मात्र एकदा सगळं जमलं. हँडशेक झाला, कुकर गप्प होता, गोधडी भिंतीवर होती. नाणं उडालं, आणि खरं सांगतो, माझ्या डाव्या पायामागे खणखणलं. मी विचार न करता सोफ्याखाली वाकलो. नाणं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी हरवलेला सेट-टॉप बॉक्सचा रिमोट होता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांच्याही आलं, पण कारणं वेगळी होती.

त्या घरात आता पाच रिमोट आहेत आणि कपाटाच्या कडेला काकूंच्या अक्षरातला, हळदीचा डाग पडलेला एक कागद चिकटवलेला आहे. ‘१. लांब काळा – मधलं लाल बटण. २. हिरवा दिवा येईपर्यंत थांबणे. ३. जाड काळा – वर टीव्ही लिहिलंय ते. ४. निळा पडदा आला तर लांब काळा पुन्हा. ५. आवाज आला, चित्र नाही – ह्यांना हाक मारणे. ६. ह्यांना हाक मारू नये, उशीर होतो. खाली जाणे.’

काकू रोज साडेसातच्या मालिकेला आमच्याकडे येतात. आमचा टीव्ही ३२ इंची आहे, रिमोट एक आहे, त्याच्या पाठीला रबरबँड लावलेलं आहे आणि आवाज टीव्हीच्याच पोटातून येतो. मॅच असली की काकाही येतात. येताना चिवडा आणतात.