मीठ खाल्लेली गाडी

जर्मनीत जुनी कॅम्पर व्हॅन विकणारा माणूस आधी पडदे दाखवतो. मग वर उचललं जाणारं छप्पर, दोन शेगड्यांचा ओटा, चिमुकलं बेसिन आणि रात्री पलंग होणारा बाक. गाडीखाली वाकून बघा, असं तो म्हणत नाही. परक्याच्या दारात जमिनीवर आडवं होणं आपल्याला बरं दिसत नाही, आणि मी तर फारच सभ्य. 1987 सालची फोक्सवागन टी-3 मी अशी पडद्यांचा रंग बघून घेतली. हानोवरला बनलेली, आतलं घर वेस्टफालियाने बसवलेलं. बायको म्हणाली, "पडदे नवीन दिसतायत. बाकीचं काय?"

इथे माझा धंदा सांगायला हवा. श्टुटगार्टमधल्या एका कंपनीत मी इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. स्टेअरिंगला मोटरने किती जोर द्यायचा, हे माझा कोड सेकंदाला शेकडो वेळा ठरवतो. चाकं वळवणारा टाय रॉड मात्र मी तोवर आकृतीतच पाहिला होता. आकृतीत गंज दाखवायची पद्धत नाही.

टी-3 चं इंजिन मागे. पॉवर स्टेअरिंगचा पंप इंजिनाला, म्हणजे तोही मागे. आणि ज्याला तेल पोचवायचं तो स्टेअरिंगचा रॅक पुढे. त्यामुळे तेलाच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. सोबतीला मागच्या ब्रेकची नळी आणि क्लचची नळी. सगळ्या पोलादी. हिवाळ्यात इथे रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात. तीसपेक्षा जास्त वर्षं या गाडीने जर्मनीचं मीठ खाल्लं, आणि शेवटी मिठानेच तिला खायला घेतलं.

पहिली खबर शेजारच्या आजींनी दिली. श्वाबियात, म्हणजे आमच्या या भागात, 'केरवोखे' नावाची प्रथा आहे. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला जिना आणि अंगण झाडायची आठवड्याची पाळी येते, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. पाळी आजींची होती. स्टेअरिंगचं तेल असतं लालभडक. फाटकापासून आमच्या गाडीपर्यंत पडलेले थेंब झाडू हातात घेऊन तपासत त्या आमच्या दारात आल्या आणि काळजीने विचारलं, "कुणाला लागलंय का?" गाडीला लागलंय, हे समजल्यावर काळजी संपली. पुढे बरेच आठवडे ती पाटी आमच्याच दाराला होती.

मग तपासणी. इथे खासगी गाडीला दर दोन वर्षांनी तपासणी असते आणि पास झाल्याचं गोल स्टिकर मागच्या नंबरप्लेटवर लागतं. ही स्टिकरची पद्धत 1961 पासूनची. ट्युफ, डेक्रा अशा कुठल्याही संस्थेकडे जाता येतं. मी कुठे गेलो ते सांगत नाही, कारण त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ट्युफचं मूळ मोठं मजेशीर आहे. 1865 मध्ये मानहाइमच्या एका बिअर कारखान्यात बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी बॉयलरवर लक्ष ठेवणारा संघ निघाला. त्याच परंपरेतला एक गृहस्थ आता खड्ड्यात उभा राहून माझ्या गाडीच्या पोटात टॉर्च मारत होता. त्याने ब्रेकची नळी नखाने खरवडली. नखाबरोबर नळीचा पापुद्रा आला. चाकाखालची लोखंडी पाटी डावी-उजवीकडे हलली तसा टाय रॉडचा सांधा खडखडला. कागदावर 'गंभीर दोष' आले आणि एका महिन्याची मुदत. महिन्यात दुरुस्त करून आणलं तर फेरतपासणी, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

गाडी मोडीत काढायचा मोह झाला. पण ती तीस वर्षांवरची आणि जपलेली ठरली, तर तिला वारशाची 'एच' नंबरप्लेट मिळते, वर्षाचा कर सरसकट 191 युरो 73 सेंट भरायचा, आणि जुनं डिझेल इंजिन असूनही शहराच्या पर्यावरण क्षेत्रात राजरोस शिरता येतं. एवढ्या सवलती ऐकल्यावर पुणेकराचा पाय निघत नाही.

तासावर लिफ्ट भाड्याने देणारी गॅरेजं इथे आहेत. हत्यारं त्यांची, अंगमेहनत आपली. ब्रेक नळीच्या नटाला अकरा नंबरचा पाना लागतो, पण साधा नव्हे. नळीवरून सरकवता येईल असा, खाच असलेला रिंग पाना. मी साधा लावला. नटाच्या कडा गोल झाल्या. मग पकड लावली. नट फिरला, पण गंजाने त्याला चिकटलेली नळीही त्याच्याबरोबर फिरली आणि पिळून तुटली. ब्रेक ऑइल थेट बाहीत. शेवटी तांबं-निकेलची, न गंजणारी नळी मीटरवर आणली. तिचं टोक फुलवण्याआधी नट नळीवर ओवायचा असतो. हे टोक सुंदर फुलवून झाल्यावर कळतं. स्टेअरिंगची दाबाची नळी ट्रॅक्टरचे होज बनवणाऱ्या दुकानातून करून घेतली. दुकानदाराने विचारलं, "ट्रॅक्टर कुठला?" मी गाडी दाखवली. त्याने बिलात सूट दिली.

टाय रॉडचा सांधा मात्र हलेना. निमुळता खिळा आपल्या खोबणीत असा रुतला होता, की गंज सोडवणाऱ्या रोस्टलोझरचा आख्खा कॅन संपला तरी ढिम्म. मी खालून नटावर हातोडा चालवत होतो. शेवटी नाना पेठेतल्या आमच्या जुन्या मेस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "साहेब, खिळ्याच्या डोक्यावर मारू नका, आटे बसतील. दोन हातोडे घ्या. खिळा ज्या कानात अडकलाय, त्या कानाच्या दोन्ही बाजूंनी एकदम हाणा." हाणले. 'टण्ण' करून सांधा सुटला. "तुम्ही स्टेअरिंगचंच काम करता ना तिकडे?" मेस्त्रींनी विचारलं. मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायची. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं उजवं. या गाडीत ब्रेक ऑइलचा डबा स्पीडोमीटरच्या मागे, डॅशबोर्डच्या झाकणाखाली असतो. बायको सीटवर, पाय पेडलवर, हातात ऑइलची बाटली, मी खाली. "दाब! धर! सोड! नको, सोडू नकोस!" वरून आवाज आला, "अरे, मी धरूनच बसलेय, तू झोपलायस का खाली?" शेजारच्या लिफ्टवरचा जर्मन तरुण आमचं भांडण सोडवायला आला. त्याला वरती पेडलवर बसवलं आणि बायको कॉफी घ्यायला गेली.

नवा टाय रॉड बसल्यावर गाडी सरळ न्यायची तर स्टेअरिंग तिरकं धरावं लागत होतं. अलाइनमेंट होईपर्यंत मी ऑफिसला तशीच नेली. आमच्या विभागप्रमुखांनी ती पार्किंगमध्ये शिरताना पाहिली आणि त्या महिन्यात माझ्या कोडची तपासणी दोनदा झाली.

गाडी फेरतपासणीत पास झाली, पुढे एच प्लेटही मिळाली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर गेला. क्लचची नळी अजून मूळचीच आहे. श्टुटगार्टकडे आलात तर जरूर कळवा, बोडेनसे सरोवरापर्यंत फिरवून आणतो. फक्त येताना जुने कपडे घेऊन या.