मोटारीतील तैलस्राव : निदान आणि उपचार

मोटारीच्या इंजिनातून तेल बाहेर येण्याच्या दोन अवस्था मानल्या जातात. सांध्याच्या कडेला तेलकट ओल येऊन तिच्यावर धुळीचा काळा थर बसतो, परंतु थेंब पडत नाही, तो ‘पाझर’. आणि थेंब पडून सोसायटीच्या नव्या पेव्हर ब्लॉकवर डाग उमटतो व सेक्रेटरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकतात, ती ‘गळती’. पाझराच्या अवस्थेत मालक स्वस्थ असतो. गळतीतही तो स्वस्थच असतो, फक्त डाग चाकाखाली झाकला जावा म्हणून गाडी जरा पुढे लावू लागतो. प्रस्तुत विवेचन अशाच मालकासाठी आहे, म्हणजे मारुती 800 चे उत्पादन 2014 साली थांबल्याची बातमी ज्याने वाचली, पण मनावर घेतली नाही, त्या गृहस्थासाठी.

प्रथम पडलेला द्रव ओळखावा. त्यासाठी रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखाव्यात, म्हणजे थेंब इंजिनाच्या कोणत्या बाजूला पडतो ते सकाळी कळते. तपकिरी किंवा काळे आणि बोटाला बुळबुळीत लागते ते इंजिन ऑइल. हिरवे वा गुलाबी आणि पाण्यासारखे पातळ ते रेडिएटरमधले कूलंट. नितळ आणि निर्गंध ते एसीचे पाणी, ज्याच्यासाठी कोणालाही फोन करू नये.

बॉनेट उघडले की निदानमंडळ जमते. या मंडळाचे सभासदत्व विनामूल्य असून त्यासाठी मोटार असण्याची अट नाही. एक सभासद वाकून ‘चेंबर गेलं’ म्हणतो, दुसरा न वाकताच ‘रिंगा गेल्या’ म्हणतो आणि तिसरा, ही गाडी आता काढून टाकावी, असे सुचवतो. वस्तुतः पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तेल आत जळते व सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. त्या तेलाचा डाग जमिनीवर पडत नाही. हे तिघांना समजावून सांगण्यात रविवारची सकाळ जाते आणि पुढच्या रविवारी रिंगा पुन्हा गेलेल्याच असतात!

मंडळाची मूळ चूक अशी की, थेंब जिथे लोंबतो तिथेच ते बोट ठेवते. तेल वरून खाली उतरते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकते, म्हणून चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे भांडे, बहुधा विनाकारण बदनाम होते. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर व अल्टरनेटर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून डिझेलने व ब्रशने सगळे स्वच्छ करावे, पुसून पूर्ण कोरडे करावे, सांध्यांवर टाल्कम पावडर शिंपडावी (डबा घरात कोणाचा आहे याची आधी चौकशी करावी), पिशव्या काढून इंजिन चालवावे आणि सर्वांत वरची ओली रेघ शोधावी. उगम तिथे असतो.

पहिला संशयित टॅपेट कव्हरचे पॅकिंग, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची रबरी वा बुचाची पट्टी, जी उष्णतेने कडक होते. ती बदलायची असते. परंतु मालक गोटी पाना घेऊन बोल्ट आवळतो, आणखी आवळतो, आणि झाकण वाकते किंवा आटे जातात. सर्व्हिसिंगनंतर लगेच गळती लागली तर ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वायसर पाहावा, कारण जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला की तेल थांबत नाही. क्रँकचे पुढचे सील गळले तर तेल टायमिंग बेल्टवर जाऊन त्याचे रबर खराब करते, तेव्हा इथे चालढकल करू नये. मागचे सील गळले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे सांगताना मेकॅनिक कॉटन वेस्टने एकेक बोट सावकाश पुसतो आणि आकडा बोलताना दुसरीकडे पाहतो. एकाच वेळी चार ठिकाणी ओल दिसली तर ब्रीदरची नळी व व्हॉल्व्ह तपासावा, कारण तो तुंबला की आतला दाब वाढून तेल वाट मिळेल तिथून बाहेर पडते आणि मग नव्या पॅकिंगचाही उपयोग होत नाही.

यानंतर मालक काय करतो? तो गाडीखाली श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवतो. थेंब पडतो म्हणजे आत तेल आहे, असा त्याचा युक्तिवाद असतो आणि तो खोडून काढणे अवघड आहे. पाझर पुसत राहून अशी गाडी वर्षानुवर्षे चालते, हेही खरे आहे. आणि पहाटे एका सेल्फमध्ये सुरू होणाऱ्या गाडीला थोडे थेंब माफ असावेत, एवढे पक्षपाती मत या विवेचनाचेही आहे.

फक्त दर रविवारी, मंडळ जमण्याआधी, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी आणि तेल खालच्या खुणेजवळ आले असेल तर भर घालावी. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो चालत्या गाडीत पेटला तर घर जवळ आहे असे म्हणू नये, गाडी बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद करावे.