पूरग्रस्त गृहस्थास कंत्राटदार-प्रकरणी काही व्यावहारिक सूचना

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा ज्यांच्या कपाटात घरविम्याची पॉलिसी होती आणि ज्यांचे ते कपाट सुदैवाने माडीवर होते, अशा मोजक्या भाग्यवंतांच्या, आणि नदीकाठी राहून पुढील पुराची वाट पाहणाऱ्या समस्त घरमालकांच्या उपयोगार्थ पुढील सूचना सादर करीत आहोत.

पाणी ओसरताच गृहस्थाच्या दारी प्रथम येतो तो कंत्राटदार, आणि घरातील चिखल संध्याकाळच्या आत नाहीसा करण्याचा त्याचा निर्धार असतो. त्यामागून, बऱ्याच विलंबाने, 1938 च्या विमा कायद्यान्वये परवाना धारण करणारा सर्व्हेयर येतो, आणि त्यास नेमका तोच चिखल जागच्या जागी पाहावयाचा असतो. तेव्हा या दोघांची गाठ पडेपर्यंत चिखलाचे, निदान त्याच्या पुराव्याचे, रक्षण करणे हे विमेदाराचे आद्य कर्तव्य होय. कंपनीस तत्काळ कळवून भिंतीवरील पाण्याच्या रेघेशेजारी मोजपट्टी उभी धरावी व छायाचित्र घ्यावे. फुगलेल्या प्लायवूडची फळी, भिजलेली गादी, मोटर जळालेला फ्रीज ही मंडळी नगरपालिकेच्या ट्रॅक्टरवर चढविण्यापूर्वी त्यांची बयाजवार यादी करावी. तलाठ्याने केलेला पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो; तो जपून ठेवावा, परंतु तो झाला म्हणजे सर्व्हेयरचे काम झाले, अशा भ्रमात राहू नये.

कंत्राटदार लबाड असतो हा समज आम्हांस मान्य नाही. तो दयाळू असतो, आणि सारे संकट त्याच्या या दयेतूनच उद्भवते. विमा आहे एवढे कानी पडताच त्याचे अंतःकरण द्रवते, आणि “काका, तुम्ही काही काळजी करू नका, सगळं त्यात बसवतो,” असे अभयवचन देऊन तो आपल्या खिशातील बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर अंदाजपत्रक लिहू लागतो. त्या अंदाजपत्रकात तळमजल्याचा गिलावा व वायरिंग असते, हे न्याय्यच. परंतु त्याखाली स्वयंपाकघराचा नवा ग्रॅनाइटचा ओटा असतो, जिन्याचे स्टीलचे कठडे असतात, आणि सर्वांत शेवटी गच्चीचे वॉटरप्रूफिंग असते. येथे विमेदाराने मृदू स्वरात विचारावे की, पूर नदीतून वर चढला होता की गच्चीवरून खाली उतरला होता? कंत्राटदार क्षणभर विचार करील व म्हणेल की, पाणी ते पाणीच. सर्व्हेयरचे मत मात्र भिन्न असते: वर्षानुवर्षांची ओल म्हणजे पूर नव्हे, घर होते त्याहून उत्तम करून देण्याची जबाबदारी कंपनीने पत्करलेली नाही, आणि जाणूनबुजून घुसडलेल्या एका खोट्या बाबीपायी खऱ्या बाबींसह सबंध दावा नामंजूर होऊ शकतो. म्हणून दोन कागद करावेत. एकावर पुराने बिघडलेले, दुसऱ्यावर आपल्या हौसेचे, आणि दुसरा कागद कंपनीच्या दप्तरात चुकूनही जाऊ देऊ नये.

अंदाजपत्रकातील ‘लमसम’ या नोंदीविषयी विशेष सावध असावे. ‘हॉल कम्प्लीट, लमसम’ एवढ्या मजकुरावर कंत्राटदार घर बांधू शकतो, परंतु सर्व्हेयर एक रुपयाही मंजूर करू शकत नाही. त्यास लांबी, उंची, दर, माल व मजुरी यांचा तपशील हवा असतो. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या नमुना पॉलिसीत राडारोडा उचलण्याचा खर्चदेखील, मंजूर दाव्याच्या 2 टक्क्यांच्या मर्यादेत, मिळण्याची तरतूद आहे. परंतु तो स्वतंत्र ओळीत दाखविला तरच, आणि कंत्राटदार तो कधीच दाखवीत नाही, कारण राडारोडा शेजारच्या मोकळ्या जागेत टाकण्यास खर्च येतो हे त्याच्या गावीही नसते. पक्के बिल मागितल्यावर “मग जीएसटी अठरा टक्के वर” असे तो दुखावलेल्या स्वरात सांगेल. त्याचे सांत्वन करावे, पण बिल पक्केच घ्यावे.

मुदतीचा प्रश्न कोकणात फारच नाजूक आहे. त्या वर्षी गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला होती, आणि प्रत्येक घरास गणपतीच्या आत रंग देण्याचे वचन प्रत्येक कंत्राटदाराने दिलेले होते. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत मात्र पोटभर पाणी पिऊन बसलेली असते. बाहेर श्रावण कोसळत असता ती सहा-सात आठवड्यांत वाळत नाही, आणि ओल्या भिंतीवर दिलेला रंग दिवाळीपूर्वीच लोणा लागून गळून पडतो. त्यानंतरचा रंग कोणत्याही पॉलिसीत नाही. यास्तव मखरामागील भिंत तेवढी पडद्याने झाकावी व देवाची क्षमा मागावी. देव कंपनीहून उदार आहे.

“पैसे क्लेम आला की द्या,” हे वाक्य ऐकून भारावून जाऊ नये, आणि रक्कम परस्पर कंत्राटदारास द्यावी अशा पत्रावर सही तर मुळीच करू नये. कामाच्या टप्प्यागणिक पैसे द्यावेत व प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. दावा अडला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले न पटल्यास, विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही आणि वकीलही चालत नाही. कंत्राटदार मात्र सोबत येण्यास उत्सुक असेल; त्यास कामावरच ठेवावे.

अखेरचा हप्ता घेताना तो बहुधा तुमच्या विमा एजंटचा नंबर मागेल, कारण पेठेमागच्या त्याच्या स्वतःच्या घरात पाणी तुमच्याहून हातभर अधिक चढले होते आणि पॉलिसी नव्हती. नंबर अवश्य द्यावा. मात्र आज काढलेला विमा मागच्या पुरास लागू पडत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगावे. तो नंबर खिशात घालील आणि म्हणेल, “ते बसवू हो काका कुठंतरी.”