गाठोडं नको, गाळा द्या

युद्धात घरदार गेलेल्यांसाठी जुने कपडे गोळा करणं बंद करा. आमच्या दिघाशी गावात बंद करा, भिवंडीत बंद करा, सगळीकडे बंद करा.

टीव्हीवर गाझा दिसतं, सुदान दिसतं, मन कळवळतं आणि कपाटातल्या विटक्या साड्या, बटणं तुटलेले शर्ट गाठोड्यात जातात. कळवळा खरा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण देशभरचा माल ज्या भिवंडी तालुक्याच्या गोडाऊनांतून फिरतो, तिथल्या माणसाला तरी हिशेब कळायला हवा. उतरवायची हमाली, निवडायची मजुरी, गाठी बांधायच्या, जागेचं भाडं, गाडीभाडं. न निवडलेल्या जुन्या कपड्यांचा हा खर्च त्यांच्या किमतीच्या वर जातो. 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. होडी, जाळं, घर सगळं समुद्रात गेलेल्या माणसांनीही ते अंगाला लावले नाहीत. का लावावेत? घर गेलं म्हणून अब्रू जात नाही.

द्यायचेच तर पैसे द्या. रेड क्रॉसला द्या, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला द्या. 2024 अखेर जगात 12 कोटी 32 लाख माणसं युद्ध, हिंसा आणि छळामुळे घराबाहेर होती. महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास तेवढीच आहे.

आणि पैशानेही जे होत नाही, त्याबद्दल बोला. 2 मार्च 2025 पासून जवळपास 11 आठवडे इस्रायलने गाझात अन्न, औषध, इंधन काहीच जाऊ दिलं नाही. धान्य होतं, ट्रक होते, ड्रायव्हर होते; फाटक बंद होतं. ताब्यातल्या प्रदेशातल्या लोकांना अन्न-औषध पुरेसं मिळत नसेल, तर मदत आत येऊ द्यावीच लागते, असं 1949चा चौथा जिनिव्हा करार सांगतो. भारताची त्यावर सही आहे. मुलांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार असू शकत नाही. हे मोठ्याने म्हणायला आपल्या देशाने कचरू नये.

मदत म्हणजे काय, हे शिकायला जिनिव्हाला जायची गरज नाही. कोल्हापूरला जा. शहरालगतच्या वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश माणसांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना घरातून उचलून सायबेरिया नि मध्य आशियात नेऊन टाकलं होतं. तिथून इराणमार्गे ती इथवर आली. बराकीत प्रत्येक कुटुंबाला वेगळी जागा आणि स्वतःची चूल होती, महिन्याचा भत्ता हातात मिळत होता. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. नाटकंसुद्धा व्हायची. सुरुवातीचा खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा, जमीन कोल्हापूरची. छावणीतल्या बाईने बाजारातून काय आणायचं आणि संध्याकाळी काय रांधायचं, हे तिचं तिने ठरवायचं. मला यातली चूल सगळ्यांत मोठी वाटते. ताट हातात घेऊन रांगेत उभं राहणं आणि आपल्या चुलीवर शिजवून पोरांना वाढणं, यात माणूसपणाचा फरक आहे.

पोलिश लोक गेले, त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. त्याचं झालं गांधीनगर. आज दक्षिण महाराष्ट्रातले दुकानदार घाऊक कापड घ्यायला तिथे जातात.

आपल्याजवळचं उदाहरण तर अगदी हाताशी आहे. दिघाशीहून भिवंडी, कल्याण ओलांडलं की उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या पाच लष्करी छावण्यांत फाळणीनंतर लाखाच्या आसपास सिंधी माणसं येऊन पडली. पंजाब, बंगालच्या निर्वासितांना निदान आपल्या भाषेचा अर्धा प्रांत इकडे मिळाला. सिंध्यांच्या वाट्याला इकडे स्वतःचा असा तुकडाही नव्हता. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी तिथे कोनशिला बसवली आणि छावणीचं गाव झालं. माणसं लोकलमध्ये पापड, गोळ्या विकत उभी राहिली, मग गाळे झाले, फर्निचरचा बाजार झाला, जीन्सचे कारखाने झाले. पत्ता सांगताना आजही लोक ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात. तेव्हाच्या सरकारने रेशन दिलं, पण उल्हासनगर रेशनने उभं राहिलं नाही. धंदा करायची मोकळीक होती आणि नागरिक म्हणून नावावर कागद होता, म्हणून ते उभं राहिलं.

तो कागद आज बाहेरून येणाऱ्या बहुतेक निर्वासितांना मिळत नाही. सिंधी आपले नागरिकच होते, हा फरक मला मान्य आहे. पण वळिवड्याच्या पोलिश बायका परक्याच होत्या, तरी त्यांना जागा मिळाली. 1951च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि आपला स्वतःचा कायदाही नाही. तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, रोहिंग्यांना तिसरी. ज्याने त्याने त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर जगायचं. शशी थरूर यांनी 2022 मध्ये आश्रयाबद्दलचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. ते पुढे सरकलं नाही. कोण आत येईल, कोणाला परत पाठवता येणार नाही, काम करायची परवानगी किती दिवसांत मिळेल, पोराला शाळेत कोणत्या कागदावर घ्यायचं, एवढं लिहून ठेवायला 75 वर्षं कमी पडतात का?

भिवंडीचे खासदार मतं मागायला दिघाशीत येतील, तेव्हा रस्त्याचं नि पाण्याचं विचारूच. त्याच सभेत उभं राहून हेही विचारायचं आहे: निर्वासितांचा कायदा कधी आणताय?